मत्स्यटाकी, नौकेवरील

पकडलेले मासे अथवा आमिषाची मासळी जिवंत ठेवण्यासाठी मासेमारी नौकेत केलेला, पाणी सतत बदलत राहील असा कप्पा. लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर कुपा मासा गळ व दांडीने पकडताना लहान मासळी जिवंत आमिष म्हणून पाण्यात टाकावी लागते. तेथील पारंपरिक नौकांत तळाच्या भोकांची बुचे काढून समुद्राचे पाणी कप्प्यात घेत आणि खलाशी ते हाताने उपसत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बर्फाची प्रथा असल्याने ही टाकी रूढ झाली नाही. विदर्भात मात्र मरळ, मागूर यांसारखे मासे जिवंतच विकले जातात. शिवाय 1957 मध्ये ओडिशात कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी झाल्यापासून प्रजनक मासे इजा न होता काठावर आणण्याचे महत्त्वही वाढले.

टाकीचे सर्व गणित प्राणवायूचे आहे. गोड्या पाण्यात 20° से. तापमानाला लिटरमागे सु. 9 मिग्रॅ. प्राणवायू विरघळतो, 30° से.ला सु. 7.5 मिग्रॅ. म्हणजे 100 लि. कोमट पाण्यात तो 750 मिग्रॅ. असतो आणि त्यातील 450 मिग्रॅ.च्या आसपास वापरला गेला की रोहू, कटला गुदमरू लागतात. एक किलोग्रॅम माशाला तासाला 200 मिग्रॅ. लागतो असे धरल्यास 10 किग्रॅ. मासळीला हा साठा जेमतेम पाव तास पुरेल. मरळीचे याच्या उलट असते. तिला पृष्ठभागावर येऊन हवा घ्यावीच लागते. टाकी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावल्यास ती पाण्यात असूनही गुदमरून मरते. झाकण तर हवेच, कारण ती उडी मारते. तेव्हा पाणी व झाकण यांत मोकळी जागा ठेवावी व झाकणाला छिद्रे पाडावीत. मात्र अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी हेलकावते आणि नौका कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून आत छिद्रे पाडलेल्या आडव्या फळ्या बसवतात.

जुन्या नौकेची दुरुस्ती पंपापासून सुरू करण्याची चूक सर्रास होते. आरंभ तळातून पाणी घेणाऱ्या नळीपासून करावा. जलरेषेखालील नळी फाटली अथवा तिची पकड सुटली, तर मासेच नव्हे, नौकाही जाते. नौका काठावर ओढून नळीभोवतीचे लाकूड टोचून पाहावे. ते मऊ लागल्यास तेवढा भाग कापून नवा बसवावा. तळाशी तोटी असावी व ती हाताने सहज बंद झाली पाहिजे. नळीच्या प्रत्येक टोकास दोन पट्ट्या आवळाव्यात. त्यानंतर टाकी भरून पाण्याच्या पातळीवर खूण करावी व रात्रभर ठेवून गळती पाहावी. आतून डांबर किंवा कीडनाशक तेल लावू नये. तांब्याच्या व जस्तलेपित नळ्याही माशांना घातक ठरतात. काचतंतूचे अस्तर पूर्ण वाळवून अनेकदा धुतल्यावरच वापरात आणावे.

पंप बंद पडण्याचे कारण बहुधा मोटार नसून गंजलेले सांधे किंवा गाळाने भरलेली जाळी असते. 12 व्होल्टचा, 5 अँपिअर ओढणारा पंप सहा तास चालला की 30 अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे 60 अँपिअर-तासांच्या बॅटरीचा निम्मा भार. त्यानंतर इंजिन सुरू न होण्याची शक्यता असते, म्हणून टाकीसाठी वेगळी बॅटरी हाच खरा सुधार होय. फ्यूज बॅटरीजवळ बसवावा. जादा पाणी बाहेर काढणारी नळी आत येणाऱ्या नळीपेक्षा रुंद आणि तिचे तोंड जलरेषेच्या वर असावे, नाहीतर पंप थांबताच पाणी उलट फिरू शकते. पंपाला जोडून हवा सोडणारे वेगळे यंत्र ठेवल्यास एक निकामी झाले तरी मासे वाचतात.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. 200 लि.ची टाकी म्हणजे तीन माणसांचा भार. वर्धा नदीवरील लहान डोंग्याने तो घेऊ नये. अशा डोंग्याला जाळीचा किंवा छिद्रांचा पेटारा बाजूने बांधून पाण्यात ओढत आणणे, प्रस्तुत लेखकाच्या मते, कोणत्याही पंपापेक्षा बरे. वाहते पाणी तेथे फुकट मिळते.

वणी तालुक्यातील राजूरसारख्या, कोळसा व चुनखडक यांसाठी परिचित गावी टाकी निर्जंतुक करण्यास चुना सहज हाती येतो. तो चालतो; परंतु त्याने पाणी अल्कधर्मी होते आणि माशांच्या उत्सर्गातील अमोनिया अशा पाण्यात अधिक विषारी रूप घेतो. म्हणून चुना दिलेली टाकी काही वेळा भरून रिकामी करावी आणि प्रथम दोन-चार मासे सोडून पाहावेत. ते तळाशी शांत राहिले तर टाकी योग्य आहे. मरळीव्यतिरिक्त इतर मासे वर येऊन तोंड उघडू-मिटू लागले तर पाणी लगेच बदलावे.