डाळीवर राग, रश्शावर माया

रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड ७.६ आलं, की खान्देशातल्या घरात पहिली कुऱ्हाड डाळीवर पडते. कळण्याची भाकरी बंद, कारण त्यात उडीद. फौजदारी डाळ बंद, बट्टीबरोबरचं वरण बंद. भरिताची वांगी ‘वातूळ’ म्हणून आपोआप बाद. रविवारचं मटण मात्र चालू राहतं. ‘मी फोडी खातच नाही, नुसता रस्सा घेतो,’ हे त्याचं समर्थन.

गडबड नेमकी इथेच आहे. युरिक ॲसिड तयार होतं प्युरिनपासून आणि मटण शिजताना त्यातलं बरंचसं प्युरिन पाण्यात उतरतं. म्हणजे फोडी बाजूला ठेवून काळ्या मसाल्याचा रस्सा दोन वाट्या ओरपणाऱ्यानं प्युरिन टाळलेलं नसतं, प्यायलेलं असतं. कलेजी, गुर्दा, भेजा यांचं तर विचारूच नका. कोंबडीच्या कलेजीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमच्या आसपास प्युरिन असतं.

डाळींचं काय? २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक मोठा अभ्यास आला. अमेरिकेतल्या ४७,१५० पुरुषांचा आहार १२ वर्षं तपासला होता. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधा सुजण्याचा आजार, वाढलेला दिसला. डाळी, पालक अशा प्युरिन असलेल्या शाकाहारानं तो वाढला नाही आणि दुधाच्या पदार्थांनी तर कमीच झाला. तेव्हा जेवणानंतरचं पातळ ताक सोडायचं कारण नाही आणि वाटीभर वरणही नाही.

दुसरा चोर गोडात लपलेला आहे. साखरेतलं फ्रुक्टोज यकृतात मोडताना युरिक ॲसिड वाढवतं. कोल्ड्रिंक, उसाचा रस, साखर घातलेला आमरस हे सगळे त्यात आले. आखाजीला पुरणपोळीवर आमरस होणारच, सणाला कुणी नाही म्हणू नये. पण मे महिनाभर रोज दोन वेळा वाडगाभर रस म्हणजे सण नव्हे. दारूत बिअर सर्वांत वाईट, कारण अल्कोहोलबरोबर प्युरिनही पोटात जातं.

मग जळगाव, भुसावळ, धुळ्याचा उन्हाळा. पारा ४५ ला टेकतो, शेतात आणि दुकानात घाम गळतो, लघवी गडद आणि थोडी होते. शरीरातलं सुमारे दोन तृतीयांश युरिक ॲसिड मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. तिथे पाणीच कमी पडलं, तर मुतखड्याला आमंत्रण. दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं. रंग फिकट दिसला की पुरेसं झालं असं समजावं. लिंबूपाणी चांगलं, साखर न घालता. हृदय किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

वजन उतरवावं, पण हळूहळू. कडक उपास केला की शरीरात तयार होणारी किटोन द्रव्यं युरिक ॲसिडची वाट अडवतात. नवरात्रात पायाचा अंगठा सुजतो तो देवीच्या कोपानं नव्हे.

इतकं करूनही आकडा फार तर एकानं उतरतो, कारण शरीरातलं बहुतेक युरिक ॲसिड आपल्याच पेशी तयार करतात. रक्तात ते ६.८ च्या वर गेलं की सुईसारखे स्फटिक व्हायला लागतात. मध्यरात्री पायाचा अंगठा लालभडक होतो, चादर लागलेलीही सहन होत नाही. तरी आकडा वाढलेल्या प्रत्येकाला गाऊट होत नाही. सांधा कधी सुजला नाही, मुतखडा नाही, तर बहुतेकांना गोळीची गरज नसते. उलट ऐन झटक्यात रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो, म्हणून झटका ओसरल्यावर दोन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. बीपीसाठीच्या काही लघवीच्या गोळ्या आणि कमी मात्रेतली ॲस्पिरिन यांनीही आकडा चढतो. चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा, पण त्यातली एकही स्वतःहून बंद करू नका.

झटका आला तर सांध्यावर बर्फ ठेवा, तेल लावून चोळू नका. आणि मेडिकलवरून स्वतःच वेदनाशामक गोळ्या आणून खाऊ नका. त्या किडनीला इजा करतात आणि युरिक ॲसिड बाहेर टाकायचं मुख्य काम किडनीचंच आहे.