आरएसआय ७० च्या वर गेला म्हणून कापूस विकायचा का?

वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी जोरात येते आणि भावाचे अंदाज बांधणेही. पूर्वी हे अंदाज जिनिंगच्या काट्यावर, पुलगाव-हिंगणघाटच्या बाजारात ऐकू येत. आता ते मोबाइलवरच्या चार्टमधून निघतात. चार्टखाली एक वाकडीतिकडी रेघ असते. ती ७० च्या वर गेली की ‘आता भाव पडणार’ आणि ३० च्या खाली गेली की ‘आता उसळणार’, असे म्हणून लोक मोकळे होतात. काही जण त्या भरवशावर वायद्यात पैसे लावतात, काही जण घरातला कापूस विकायचा की ठेवायचा हेही त्यावरूनच ठरवतात. रेघ खोटी नाही. पण तिच्यावर जे काम सोपवले जाते, ते तिचे नाही.

ही रेघ म्हणजे मोमेंटम इंडिकेटर, भावाच्या चालीतला जोर मोजणारे गणित. त्यातला सर्वांत चलनी आरएसआय. जे. वेल्स वाइल्डर या अमेरिकी इंजिनिअरने तो १९७८ च्या आपल्या पुस्तकात मांडला. मागच्या १४ दिवसांत भाव एकूण किती चढला आणि किती उतरला हे पाहायचे आणि दोन्हींच्या बेरजेत चढीचा वाटा किती टक्के ते काढायचे. चढ ७०० रुपये, उतार ३०० रुपये, तर आरएसआय ७०. पुढे रोज चढ-उताराची सरासरी थोडी मुरवत नेतात, पण गाभा एवढाच. गंमत अशी की चढ ७० रुपये आणि उतार ३० रुपये असला तरी उत्तर ७० च येते. बाजार किती हलला, हे या आकड्यात नसतेच.

‘७० च्या वर म्हणजे महाग, ३० च्या खाली म्हणजे स्वस्त’

सर्वाधिक नुकसान करणारा गैरसमज हाच. ‘ओव्हरबॉट’ शब्द ऐकला की माल महागला असे वाटते. प्रत्यक्षात आकडा इतकेच सांगतो की गेल्या काही दिवसांत चढ उतारापेक्षा बरीच जास्त होती. रेंगाळलेल्या बाजारात अशा जागी भाव वळण्याची शक्यता असते हे खरे. पण जोरदार तेजीत आरएसआय पुन्हा पुन्हा ७० पार करतो, तिथे मुक्काम ठोकतो आणि खाली आला तरी बहुधा चाळिशीच्या आसपासून परत फिरतो. मंदीत हेच उलटे होते.

२०२१-२२ चा हंगाम आठवा. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ६,०२५ रुपये. विदर्भात भाव जानेवारी २०२२ मध्ये दहा हजारांवर गेले आणि उन्हाळ्यात बारा हजारही ओलांडले. इतक्या लांब चढाईत ‘ओव्हरबॉट’ची घंटा सुरुवातीलाच वाजते आणि वाजतच राहते. पहिल्या घंटेला विकणाऱ्याच्या हातून पुढची सगळी तेजी निसटते. आणि तिच्यावर विसंबून वायद्यात मंदी करणाऱ्याचे मार्जिन रोज कापले जाते.

पुढच्या वर्षी चित्र फिरले. दहा हजारांची आशा धरून अनेकांनी २०२२-२३ चा कापूस घरातच ठेवला आणि भाव घसरत सात-साडेसात हजारांच्या आसपास आले. उतरत्या बाजारात ‘ओव्हरसोल्ड’ दिसणे म्हणजे तळ गाठला असे नव्हे. घसरण वेगाने चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

‘तीन इंडिकेटर एकच सांगताहेत, म्हणजे नक्की’

आरएसआयच्या जोडीला जेराल्ड अ‍ॅपेल यांचा १२, २६ आणि ९ दिवसांच्या सरासऱ्यांवरचा एमएसीडी आणि जॉर्ज लेन यांचा स्टोकॅस्टिक लावला की चार्ट भारदस्त दिसतो. तिघांनी होकार दिला की माणूस निर्धास्त होतो. पण तिन्ही निघतात त्याच भावातून. स्टोकॅस्टिक दिवसाचा उच्चांक आणि नीचांक जमेस धरतो, इतकाच काय तो फरक. एकाच पानठेल्यावर ऐकलेली बातमी तीन मित्रांनी वेगवेगळी येऊन सांगितली, तर ती तीन बातम्या होत नाहीत. भावाबाहेरची माहिती हवी असेल तर आवक, उलाढाल, वायद्यातले उभे सौदे आणि सरकीचे दर पाहावे लागतात.

‘भाव चढतोय आणि इंडिकेटर उतरतोय, म्हणजे पलटी आलीच’

याला डायव्हर्जन्स म्हणतात. भाव नव्या उच्चांकावर, पण आरएसआय आधीच्या शिखराखाली. याचा अर्थ चढण्याचा वेग कमी झाला, दिशा बदलली असा नाही. वेग मंदावूनही भाव कित्येक आठवडे चढत राहू शकतो. मागच्या चार्टवर बोट ठेवून दाखवले जाणारे डायव्हर्जन्स नेहमी खरे ठरलेलेच असतात, कारण खोटे ठरलेले कोणी दाखवत नाही.

‘वायद्याचा चार्ट म्हणजे आपल्या मालाचा भाव’

इथे देवळीच्या शेतकऱ्याने जरा थांबून पाहावे. एमसीएक्स या वायदेबाजारातला कापूस वायदा रुईचा आहे, आपण विकतो तो सरकीसकट कापूस. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. त्यामुळे रुई स्थिर असताना सरकी-ढेपेचे दर पडले, तरी जिनिंगवर आपला भाव उतरतो. वायद्याच्या आरएसआयला त्याचा पत्ताही नसतो. शिवाय ओलावा. हमीभावाने खरेदी करणारी सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) ८ ते १२ टक्के ओलाव्याचा कापूस घेते. ८ च्या वर दर कापते, १२ च्या वर घेतच नाही.

लॉटही पाहा. रुईच्या वायद्याचा एक लॉट ४८ खंडींचा, म्हणजे सुमारे १७० क्विंटल रुई. तेवढ्या रुईला जवळपास ५०० क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहू एकरी सहा-सात क्विंटल धरले तर सत्तर-ऐंशी एकर शेत हवे. कापसाचा लहान, चार टनांचा वायदाही असतो, पण त्याची केंद्रे गुजरातेत आणि भाव २० किलोचा. म्हणजे बहुतेकांसाठी हा घरच्या मालाचा विमा राहत नाही, निव्वळ सट्टा होतो.

चार्टचा आणखी एक चकवा आहे. एका महिन्याचा वायदा संपून दुसरा जोडला जातो, तेव्हा दोन्हींच्या भावातल्या फरकाने उडी दिसते. ती उडी व्यवहाराची नसते, जोडकामाची असते, तरी इंडिकेटर तिला जोर समजून मोजतो. उलाढाल कमी असलेल्या वायद्यात चार-दोन सौद्यांनीही रेघ हलते.

सोयाबीनवाल्यांची गोष्ट तर निराळीच. बाजार नियामक सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि पुढे मुदत वाढवत नेली. तेव्हापासून समाजमाध्यमांवर फिरणारा सोयाबीन वायद्याचा चार्ट बहुधा शिकागोचा असतो, वर्धा जिल्ह्यातल्या ओलाव्याचा किंवा आवकेचा नव्हे.

आणि सरकारी निर्णय? कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ झाले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर घेतलेला हा निर्णय मागच्या १४ दिवसांच्या भावात कुठून दिसणार?

‘मोमेंटम चालते, हे सिद्धच झाले आहे’

सिद्ध झालेली गोष्ट वेगळी आहे. जेगदीश आणि टिटमन यांनी १९९३ मध्ये अमेरिकी शेअरबाजाराच्या अभ्यासातून दाखवले, की मागच्या तीन ते बारा महिन्यांत पुढे असलेले शेअर पुढचे काही महिनेही सरासरीने पुढे राहतात. एनएसईचा निफ्टी २०० मोमेंटम ३० हा निर्देशांकही सहा आणि बारा महिन्यांच्या परताव्यावर शेअर निवडतो आणि वर्षातून दोनदाच यादी बदलतो. पाच मिनिटांच्या कँडलवर आरएसआय पाहून दिवसात दहा सौदे करण्याशी त्याचा संबंध नावापुरताच. उलट ते संशोधन चढणाऱ्याला धरून राहा म्हणते, आणि ७० ला विकणारा चढणाऱ्याला सोडतो.

अशा झटपट सौद्यांचे काय होते, ते सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले. शेअरबाजाराच्या वायदे-ऑप्शनमध्ये २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांनी तोटा केला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. कापसाच्या आकड्यांवर पैसे लावण्याची खोड तशी जुनीच, मटकासुद्धा सुरू झाला तो न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवरच. फक्त त्या काळी त्याला कोणी अ‍ॅनालिसिस म्हणत नसे.

मग इंडिकेटर टाकून द्यायचा का? नाही. बाजार दिशेने चालला आहे की रेंगाळतो आहे, चालीतला जोर वाढतो आहे की ओसरतो आहे, हे तो नीट दाखवतो. आधी मोठ्या मुदतीचा कल पाहावा, सौद्याआधी स्टॉप लॉस ठरवावा, बुडाली तरी पेरणी अडणार नाही एवढीच रक्कम लावावी आणि त्यानंतर आरएसआयकडे वळावे. घरच्या कापसासाठी मात्र चालू हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव (२०२५-२६ मध्ये ८,११० रुपये), सीसीआयच्या ‘कपास किसान’ अ‍ॅपवरची नोंदणी आणि आपल्या मालाचा ओलावा या तीन गोष्टी आधी तपासाव्यात.

आणि पैसे घेऊन ‘सिग्नल’ देणारा कोणी भेटला, तर त्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो पडताळून पाहा. नोंदणीशिवाय शेअर किंवा वायद्याचा सल्ला विकता येत नाही.