वॉर्नच्याही वर?

सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर कोण, हा वाद शेन वॉर्नच्या ७०८ बळींपाशी संपतो असं अनेकांना वाटतं. वेस्ट इंडीजच्या गॅरी सोबर्सना तसं वाटत नसे. त्यांचं मत सुभाष गुप्तेंना. मुंबईचे गुप्ते रणजीत बंगालकडूनही खेळले. ३६ कसोटी, १४९ बळी, सरासरी २९.५५. आकडे वॉर्नपुढे थिटेच, पण गुगली टाकायचे ते दोन तऱ्हेचे. १९५८ साली कानपूरला वेस्ट इंडीजचे ९ गडी त्यांनी १०२ धावांत गुंडाळले. त्यांत ४ धावांवर बाद झालेले सोबर्सही होते! दुसऱ्या डावात मात्र सोबर्सनी १९८ ठोकल्या आणि सामना विंडीजने जिंकला.