चढाची तयारी झाली, वाऱ्याची?

मनाली-लेहचा बेत आखणारा कोल्हापूरचा सायकलस्वार तयारीसाठी हमखास पन्हाळा गाठतो. जेमतेम वीस किलोमीटर अंतर, शेवटी घाट आणि वर पोचल्यावर फोटो. (चढाचा फोटो निघतो, वाऱ्याचा निघत नाही, हेही एक कारण असावं.) पण ही तयारी अर्धीच आहे. ओसाड, मोकळ्या मुलखात माणसाला खरा जेरीस आणतो तो वारा. चढावर घातलेली मेहनत उतारावर बरीचशी वसूल होते, उलट्या वाऱ्यात घातलेली कायमची जाते. हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी २० किलोमीटरने चाललेल्या सायकलला समोरून तेवढ्याच वेगाचा वारा लागला, तर विरोध चौपट होतो. ‘जाताना उलटा, येताना पाठचा, म्हणजे फिटंफाट’ हा हिशेबही चुकीचा आहे. ५० किलोमीटर जाताना ताशी १५चा वेग पडला आणि येताना ३०चा मिळाला, तर एकूण पाच तास लागतात. सरासरी साडेबावीसची न पडता २०चीच पडते, कारण उलट्या वाऱ्यात आपण दुप्पट वेळ काढलेला असतो.

लांबच्या प्रवासांकडे या नजरेने पाहावं. १५ ऑक्टोबर १९२३ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे मार्च १९२८मध्ये ती पुरी करून परतले. त्यांच्या वाटेत आल्प्स होताच, पण इराण, इराक आणि सिनाईची वाळवंटंही होती. तिथे आडोसा नाही आणि पाण्याची खात्री नाही. २०१८मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर अंतर कापलं. तिची सुरुवात ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून झाली. तिथून पूर्वेला निघालेल्याला नलारबोरचं माळरान ओलांडावं लागतं, आणि त्या महामार्गाचा एक तुकडा जवळजवळ १४६ किलोमीटर नाकासमोर सरळ जातो. अशा रस्त्यावर दिवसाचा पल्ला ठरवण्यात पायांइतकाच वाऱ्याचाही हात असतो. लेहच्या वाटेवरचं मोरे मैदान तर सुमारे ४,७०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे तिचा रेटा कमी, पण छातीला प्राणवायूही त्याच मापाने कमी मिळतो.

मग या वाऱ्याचा सराव कुठे करायचा? आपल्या पश्चिमेलाच. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीच्या कड्यांवर आदळून सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, मोकाट सुटतो. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिल्या नाहीत. गगनबावडा कोल्हापूरहून सुमारे ५५ किलोमीटर. पावसाळी वाऱ्यात ही वाट जाताना अंगावर येते आणि परतताना पाठीशी उभी राहते. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेचा, म्हणून तोच रस्ता उलटा वागतो: जाताना लाड करतो आणि दमलेल्या पायांकडून परतीला वसुली करतो. सरावाला दुसरा प्रकार अधिक चांगला, कारण दूरच्या मुलखात वारा आपली दमछाक पाहून दिशा बदलत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला म्हणजे, इथे निर्जनता कुठली, दर थोड्या अंतरावर चहाची टपरी असते. खरं आहे, आणि सह्याद्री म्हणजे दक्षिण अमेरिकेतला ओसाड पॅटागोनिया नव्हे. पण टपरीवर थांबायलाच हवं असं कुठे आहे? पाणी, खाणं, ट्यूब, पंप सगळं सायकलवर लादून निघावं, पंक्चर आपण काढावं. शिवाय भरल्या पिशव्यांवर आडवा वारा बसला की हँडल कसं ओढलं जातं, ते मोकळ्या सायकलवर कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सडे नाजूक आहेत. जांभ्यावरच्या बोटभर मातीत पावसाळ्यापुरती उगवणारी वनस्पती टायरखाली एकदा गेली, की ती जागा सावरायला वेळ लागतो. कास पठार आणि राधानगरी अभयारण्य २०१२पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहेत, पन्हाळ्याजवळचं मसाई पठार त्या यादीत नसलं तरी तिथली माती काही वेगळी नाही. वाऱ्याची ओळख डांबरी रस्त्यावरही पुरेपूर होते. तेव्हा लेहचं तिकीट काढण्याआधी एखाद्या हिवाळी दिवशी भरल्या सायकलने गगनबावडा करून या, आणि पठार दिसलं तरी चाक डांबरावरून खाली उतरवू नका.