सोकोट्राच्या आधी परळ

टी.ई.ची परीक्षा संपली की कुठेतरी भटकायला जायचं, एवढं आमच्या ग्रुपचं ठरलं होतं. कुठे, हे मात्र ठरत नव्हतं. गोवा नको, महाबळेश्वर नको, तिथे सगळेच जातात. मग कॅन्टीनमध्ये बसून प्रत्येकाने आपल्या स्वप्नातली एक अपरिचित जागा वहीच्या मागच्या पानावर लिहायची ठरली. एकाने येमेनचं सोकोट्रा बेट लिहिलं (तिथली झाडं उलट्या छत्रीसारखी दिसतात म्हणे), दुसऱ्याने फेरो बेटं, मी जॉर्जियातल्या जुन्या दगडी बुरुजांचं स्वानेती. यादी झकास झाली. बजेट निघालं माणशी पंधराशे रुपये!

घरी आजी भाजी निवडत होती. तिला यादी वाचून दाखवली. तिने सगळी ऐकून घेतली आणि म्हणाली, "सगळं ठीक आहे रे, पण बारादेवीचा शंकर बघितलायस का?"

नव्हता बघितला. लालबागच्या चाळीत जन्मलो, एकवीस वर्षं परळवरून येतोय-जातोय, आणि नाही बघितला.

म्हणून मित्रांनो, आधी त्याबद्दलच सांगतो. १९३१ साली परळ-शिवडी भागात रस्ता बांधताना मजुरांना जमिनीत एक भलीमोठी कोरीव शिळा सापडली. आज ती परळ गावातल्या बारादेवी मंदिराच्या आवारात, स्वतंत्र खोलीत उभी आहे. उंची साडेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या दोन माणसांएवढी. एकाच अखंड दगडात शंकराच्या सात आकृती आहेत. मधला शंकर ताठ उभा. त्याच्या मागून वर दुसरा निघतो, दुसऱ्यातून आणखी वर तिसरा. आणि डाव्या-उजव्या बाजूंनी आणखी चार आकृती अशा बाहेर झेपावतात, की झाडाच्या खोडाला फांद्या फुटाव्यात. पायाशी वाद्यं घेतलेले गण बसलेत. जाणकार ही शिळा पाचव्या-सहाव्या शतकातली मानतात. म्हणजे घारापुरीची लेणी ज्या काळातली, साधारण तोच काळ.

फोटोत ही मूर्ती सपाट दिसते. समोर उभं राहिलं की कळतं, दगड मागे राहिलाय आणि आकृती पुढे यायला निघाल्यात. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये आम्ही फ्रंट व्ह्यू काढताना रडतो. इथे कुणीतरी दीड हजार वर्षांपूर्वी छिन्नीने सात शरीरं एकमेकांतून काढली, आणि तीही एकही चूक खोडायची सोय नसताना!

गंमत पुढेच आहे. या शिळेची प्लास्टरची प्रतिकृती फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. लोक तिकीट काढून ती नक्कल बघतात. अस्सल मूर्ती राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक आहे, आणि रोज तिची पूजाही होते. मी गेलो तेव्हा आत एक काकू फुलं वाहत होत्या. त्यांनी मला विचारलं, "पहिल्यांदाच आलास का?" लालबागचा आहे हे सांगायची लाज वाटली.

तेव्हापासून 'अपरिचित' या शब्दाबद्दल मला शंका यायला लागलीय. अपरिचित, पण कुणाला? माचू पिच्चू १९११ साली हायरम बिंगहॅमने 'शोधलं' असं आपण शाळेत वाचतो. पण तो तिथे पोचला तेव्हा शेतकरी कुटुंबं त्याच जुन्या पायऱ्यांच्या शेतात पिकं घेत होती आणि त्याला अवशेष दाखवायला तिथलाच एक मुलगा पुढे झाला. आजीला, त्या काकूंना बारादेवीचा शंकर माहीत होताच. माहीत नव्हता तो स्वानेती लिहिणाऱ्याला.

असो! एक गोष्ट मेकॅनिकलवाल्यांसाठी. घारापुरीला पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव दिलं ते तिथल्या दगडी हत्तीवरून. पण लाँचने बेटावर गेलात तर हत्ती दिसणार नाही. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणून १९१४ साली जोडले. आज हा हत्ती भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. शेकडो वर्षं उन्हापावसात टिकलेली वस्तू एका चुकीच्या लोडिंगने संपली होती. क्रेनचं डिझाइन करताना सेफ्टी फॅक्टर कशाला लागतो, यावर व्हायवात यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

परळलाच आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था आहे. ही इमारत पूर्वी गव्हर्नरचा बंगला होती. १८९९ साली प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा इथे आली. ज्यांनी जानेवारी १८९७ मध्ये ती लस आधी स्वतःला टोचून घेतली, त्या हाफकिन यांचं नाव संस्थेला १९२५ साली मिळालं. शिवडीचा किल्ला इंग्रजांनी १६८० साली बांधला. तिथून खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत फ्लेमिंगो दिसतात आणि शेजारून २०२४ साली सुरू झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू. भरती-ओहोटीची वेळ बघून जा, नाहीतर नुसतं पाणी दिसेल. गिरगावकरांनी रागावू नये, खोताची वाडी आणि बाणगंगा यांवर लिहायला तुमच्यापैकीच कुणीतरी पुढच्या अंकात हवं.

मला घाई आहे ती वेगळ्या कारणाने. आमची चाळ पुनर्विकासाला गेलीय. दिवाळीनंतर खोली रिकामी करायची, भाड्याचे पैसे घ्यायचे आणि टॉवर होईपर्यंत बदलापूर. आजोबा गिरणीत होते तेव्हापासूनची खोली ती. टॉवर कधी होईल, आजी तेव्हा परत येईल का, यावर घरात कुणी बोलत नाही. मला आधी वाटायचं, जागाच तर बदलणार. आता वाटतं, इथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर काय काय आहे हे मी अजून विचारलेलंच नाही, आणि ज्यांना विचारायचं ते सगळे या चाळीसारखेच पांगणार आहेत.

ट्रिपचं शेवटी ठरलं. दर रविवारी सकाळी सात वाजता, लालबाग नाका. चहा-वडापाव धरून माणशी साठ रुपये. पहिल्या रविवारी आजी येणार म्हणाली आहे, रस्ता तीच दाखवणार. मात्र अट घातलीय, हळू चालायचं.