एका शेल्याला तीन बैल

चाळीसगावजवळचं पाटण हे बाराव्या शतकात यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभांचं ठाणं. त्या काळी राजवाड्यातला थाट केवढ्याला पडत असेल, हे चाचपायचं तर भास्कराचार्यांची 'लीलावती' उघडावी. ११५० साली, वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी पुरा केलेल्या 'सिद्धांतशिरोमणी'चा हा पहिला भाग.

आधी नाण्यांचा हिशेब. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिण्यांचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. म्हणजे एका निष्काला २०,४८० कवड्या! आता उदाहरण घ्या: तीन हात रुंद, आठ हात लांब अशी आठ उंची रंगीत रेशमी वस्त्रं १०० निष्कांना. एक शेला साडेबारा निष्कांचा, म्हणजे २,५६,००० कवड्यांचा. सेकंदाला एक याप्रमाणे अखंड मोजत बसलात तर ७१ तास लागतील. कवडी एका ग्रॅमची धरली तरी वजन अडीच क्विंटल. गाडी जुंपल्याशिवाय दुकानात जायची सोय नाही. भास्कराचार्य एवढ्यावर थांबत नाहीत. तसल्याच कापडाची साडेतीन हात लांब, अर्धा हात रुंद पट्टी केवढ्याला, असं विचारतात. उत्तर: १४ द्रम्म, ९ पण, १ काकिणी, ६ कवड्या आणि वर दोन तृतीयांश कवडी. ती तुकडा-कवडी कुठल्या वाण्याने घेतली असती कोण जाणे.

हे गणितातले भाव आहेत, बाजारातले नव्हेत, हे खरं. पण शिकणाऱ्याला अगदीच अचाट वाटतील असे आकडे शिक्षक सहसा घेत नाही. त्याच पुस्तकात दोन वर्षं जुंपलेला बैल ४ निष्कांना आहे. एका शेल्यात तीन बैल येतात, वर अर्धा निष्क उरतो. आणि सोळा वर्षांची दासी ३२ निष्कांना. विशीची झाली की भाव उतरून २५ निष्क आणि तीन पंचमांश. व्यस्त त्रैराशिकाचं हे उदाहरण शांतपणे सोडवणं आज जमत नाही.

स्वारीच्या गणितात मात्र आचार्यांनी सैन्याची दया केलेली नाही. शत्रूचे हत्ती हरण करायला निघालेला राजा पहिल्या दिवशी दोन योजनं चालतो, मग रोज ठरावीक वाढ करत सात दिवसांत ८० योजनं गाठतो. रोजची वाढ २२/७ योजनं. योजन ३२,००० हातांचं आणि हात दीड फुटाचा धरला, तर सातव्या दिवशीची मजल ३०० किलोमीटरांवर जाते. जळगावहून धुळ्याला जाऊन परत यावं आणि पुन्हा धुळं गाठावं, तरी थोडी उरेल!

शस्त्रांचंही असंच. शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, त्रिशूळ, धनुष्य, बाण अशा दहा वस्तू. त्यांची अदलाबदल करून किती रूपं होतील? ३६,२८,८००. सेकंदाला एक रूप पाहिलं, तर बरोबर ४२ दिवस डोळा मिटायला फुरसत नाही.

हे ग्रंथ शिकवण्यासाठी भास्कराचार्यांचा नातू, यादव सिंघणाचा मुख्य ज्योतिषी चांगदेव, याने पाटणला मठ काढला. १२०७ चा शिलालेख या मठाला नेमून दिलेलं उत्पन्न सांगतो. त्यातला काही मजकूर मराठीत आहे: बाजारात येणाऱ्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला, आणि चालत्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल.