व्हिनेगर: ग्लासात की ताटात?

व्हाइटफील्डमधल्या कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटमध्ये हल्ली ॲपल सायडर व्हिनेगरच्या बाटल्या प्रोटीन पावडरच्या रांगेत दिसतात. सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी एक ग्लास, मग ऑफिसची बस. वजन उतरतं, शुगर कमी होते, पोट साफ राहतं, चेहरा उजळतो... दाव्यांची यादी मोठी आहे. त्यातलं खरं किती?

गंमत म्हणजे व्हाइटफील्डला व्हिनेगर नवीन नाही. आयटी कंपन्या येण्याच्या कितीतरी आधी, 1882 साली, म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर इथे अँग्लो-इंडियन कुटुंबांची वसाहत झाली. डी. एस. व्हाइट यांच्यावरून तिला नाव पडलं. अँग्लो-इंडियन स्वयंपाकात विंदालू हवाच आणि विंदालूत व्हिनेगर हवंच. हा पदार्थ पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला. मुळात ते वाइन आणि लसणात मुरवलेलं मांस. नावातला 'आलू' म्हणजे पोर्तुगीज भाषेतला लसूण, त्याचा बटाट्याशी काही संबंध नाही!

गोव्यात द्राक्षांची वाइन कुठून आणणार? पण माड होते. रेंदेर माडावर चढून सूर काढतो. हवेतल्या यीस्टमुळे सूर आपोआप आंबते आणि तिच्यातल्या साखरेची दारू होते. ती तशीच काही आठवडे ठेवली की ॲसिटिक ॲसिड तयार करणारे जिवाणू दारूचं व्हिनेगर करतात. सफरचंदाच्या रसाचं व्हिनेगरही याच दोन पायऱ्यांनी होतं. सोरपोतेल, बलचाव, बांगड्यात भरायचा रेशाद मसाला, या सगळ्यांना माडाच्या व्हिनेगरचा आंबटपणा लागतो आणि त्यानेच ते टिकतात. फ्रिज नसलेल्या काळात त्याचं महत्त्व किती असेल, विचार करा.

शुगर आणि वजनाचं काय?

सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो जेवणानंतरच्या साखरेबद्दल. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅरल जॉन्स्टन यांनी 2004 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इन्सुलिनला नीट दाद न देणाऱ्या लोकांना त्यांनी पावासारख्या पिठूळ जेवणाच्या जरा आधी पाण्यात मिसळलेलं सुमारे 20 ग्रॅम व्हिनेगर दिलं. त्यांच्या शरीराने इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद दिला. ॲसिटिक ॲसिडमुळे जठरातलं अन्न सावकाश पुढे सरकतं, हे त्यामागचं एक कारण मानतात. म्हणजे जो काही फायदा आहे, तो भात-पोळी-पावाच्या सोबतीने. सकाळच्या रिकाम्या पोटात व्हिनेगरने अडवायचं तरी काय?

वजनाची गोष्ट त्याहून साधी. 2009 च्या एका जपानी अभ्यासात लठ्ठ व्यक्तींनी 12 आठवडे रोज 15 किंवा 30 मिली व्हिनेगर घेतलं आणि सरासरी एक ते दोन किलो वजन घटलं. बस, इतकंच. 2024 मध्ये लेबनॉनच्या एका अभ्यासात 12 आठवड्यांत सहा ते आठ किलो घटल्याचं छापून आलं आणि तो जगभर गाजला. त्यातल्या आकडेवारीवर गंभीर प्रश्न उभे राहिल्यावर 2025 मध्ये तो मागे घेण्यात आला. त्यावर बनलेली रील्स मात्र कुणी मागे घेत नाही.

कुणी जपायचं?

घरात मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन घेणारं कुणी असेल, तर हा भाग त्यांना आवर्जून वाचून दाखवा. व्हिनेगर सुरू केलं म्हणून गोळी बंद करायची नाही. औषधासोबत ते नियमित प्यायचं असेल तरी आधी डॉक्टरांना विचारायचं. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात काहींचं जठर आधीच मंदावलेलं असतं. अशा रुग्णांमध्ये व्हिनेगरने ते आणखी मंदावल्याचं स्वीडनमधल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. मग साखर कधी चढेल, कधी पडेल, याचा अंदाजच चुकतो. ॲसिडिटी किंवा अल्सरवाल्यांनी लांबच राहावं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर पोटॅशियम कमी होण्याची भीती असते. ऑस्ट्रियातली एक 28 वर्षांची तरुणी सहा वर्षं रोज 250 मिली व्हिनेगर घेत होती. तिचं पोटॅशियम घसरलं आणि हाडंही ठिसूळ झाली.

दातांचं नुकसान तर चुपचाप होतं. आम्लाने वरचं कठीण कवच झिजतं आणि झिजलेलं कवच परत येत नाही. म्हणून नुसतं व्हिनेगर कधीच पिऊ नका. आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासाने करा.

मला विचाराल तर गोव्याची पद्धत बरी: व्हिनेगर जेवणात घाला. कांद्याच्या चकत्यांवर दोन चमचे व्हिनेगर, चिमूटभर मीठ, थोडं पाणी, आणि अर्ध्या तासात डाळ-भाताबरोबर झकास तोंडीलावणं तयार. काकडीच्या कोशिंबिरीत एखाद दिवशी लिंबाऐवजी एक चमचा घालून पाहा. बाटली घेताना लेबल वाचा. नुसत्या ॲसिटिक ॲसिडपासून केलेलं असेल तर त्यावर 'सिंथेटिक' लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. आंबटपणा त्यातही असतो, पण माडाच्या व्हिनेगरचा वास आणि चव त्याला नाही. आणि तळाशी गढूळ दिसणारी ती प्रसिद्ध 'मदर'? ते जिवाणूंचं निरुपद्रवी जाळं आहे. केवळ त्यासाठी दुप्पट पैसे मोजण्याची गरज नाही.